सांगड : आमच्या नद्यांवरील डोंगा व सागरावरील जुळी नौका

महोत्सवाच्या स्मरणिकेंत या वनप्रांताचा इतिहास यावयाचा म्हणजे गोंड राजांचे किल्ले, आलापल्लीचें सागवान व कोळशाच्या खाणी यांचें वर्णन बहुधा येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या नद्यांनीं हा प्रांत विभागला व जोडलाही, त्या ओलांडण्याचें जुनें साधन मात्र दुर्लक्षित राहतें. म्हणून त्या साधनाविषयीं, त्याच्या समुद्रावरील भावंडाविषयीं व दोहोंस लागणाऱ्या सरंजामाविषयीं आम्ही चार शब्द लिहूं इच्छितों.

वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते. ती सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते, आणि पुढें सोमनूरनजीक इंद्रावतीही येऊन मिळते. भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांचा त्रिवेणी संगम आहे. अशा प्रांतांत बाजार, शाळा व दवाखाना पुष्कळ वेळां पैलतीरावरच असावयाचा. तेथें जावयाचें तें डोंग्यानें. एका थोरल्या झाडाचा बुंधा कोरून केलेली ही नाव ढिवर बांधव वल्ह्यानें किंवा बांबूनें रेटून चालवितात. डोंगा अरुंद व गोल बुडाचा. बसणारा एका अंगास झुकला कीं तो कलतो. म्हणून भार मोठा असला म्हणजे दोन डोंगे शेजारीं आणून, त्यांवर आडवे वांसे टाकून दोरानें आवळतात. आतां एका बाजूस वजन पडलें तरी त्या बाजूचा डोंगा अधिक बुडून वर रेटा देतो व दुसरा आपल्या वजनानें त्यास उलटूं देत नाहीं. जें एकट्यास पेलत नाहीं, तें दोघांस पेलतें. धान्याचीं पोतीं आणि आमच्या काळांत मोटारसायकलीही अशा जोडीवरून पार झाल्या आहेत.

ह्या जोडीस आमच्या भाषेंत फार जुना शब्द आहे : सांगड. तो संस्कृत 'संघाट' ह्या शब्दापासून आला असें मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथांत, चोलमंडलाच्या किनाऱ्यावर एकसंध लाकडाच्या नावा परस्परांस बांधून केलेलीं मोठीं जहाजें असत व त्यांस 'संगर' म्हणत, असें नमूद आहे. 'कॅटामरान' हा शब्दही त्याच किनाऱ्यावरचा. तमिळ भाषेंत 'कट्टु' म्हणजे बांधणें व 'मरम्' म्हणजे लाकूड. दोन विचारांची सांगड घालणें असें आपण नित्य बोलतों, तेव्हां नदीवरील हीच दोरी आपल्या बोलण्यांत असते. कोंकणच्या किनाऱ्यावर होडीच्या एका अंगास लाकडी तरंगा आडव्या दांड्यांनीं जोडतात; ती उलांडी. तत्त्व तेंच.

पॅसिफिक महासागरांतील बेटांच्या लोकांनीं अशाच जुळ्या नावांस शीड चढवून हजारों मैलांचे प्रवास केले. युरोपांत सर विल्यम पेटी यांनीं १६६२ सालीं डब्लिन येथें जुळ्या तळाची नौका बांधून पाहिली. अमेरिकेंत नॅथॅनियल हेरेशॉफ यांच्या 'अमॅरिलिस' ह्या जुळ्या नौकेनें १८७६ सालीं शर्यतींत इतरांस मागें टाकिलें, तों तक्रारी होऊन तिलाच बाद ठरविण्यांत आलें! पुढें जेम्स व्हॅरम ह्या इंग्रज गृहस्थानें सुमारें साडेतेवीस फूट लांबीची 'टँगारोआ' स्वतः बांधिली. १९५५ सालीं ती घेऊन तो निघाला व अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोंचला. त्याच्या नंतरच्या नौकांत दोन्ही अंगें बोल्टांनीं न जखडतां दोरानेंच बांधलेलीं असत, कारण बांधणी किंचित् लवचीक असली म्हणजे लाटेचा धक्का तींत जिरतो. हवाई बेटांतील 'होकूलेआ' १९७६ सालीं आधुनिक उपकरणांवांचून ताहितीस पोंचली व पूर्वजांची विद्या खरी होती हें जगास दिसलें.

आतां सागरी प्रवासास निघणाऱ्या जुळ्या नौकेस सरंजाम कोणता लागतो तें पाहूं. एकहरी नौका, जशी दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणेस नेलेली गोव्यांत बांधलेली 'म्हादेई', जोराचा वारा लागला कीं कलते. कलल्यानें वारा शिडावरून निसटतो व खलाशास इशाराही मिळतो. जुळी नौका फारशी कलत नाहीं. हें तिचें सुख, आणि तोच तिचा धोकाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं शिडावरील जोर चौपट होतो, आणि तो सर्व भार डोलकाठीवर व दोरांवर पडतो. म्हणून तिचें शीड कललें किती हें पाहून नव्हे, तर वाऱ्याचा वेग मोजून आंखडावें लागतें. बऱ्याच प्रवासी नौकांत ताशीं १८ ते २० सागरी मैल वारा झाला कीं पहिला आटोप घेतात. मोठ्या शिडांत आडव्या पट्ट्या घालून त्याचा आकार स्थिर ठेवितात. पुढें गुंडाळतां येणारें लहान शीड व मंद वाऱ्यासाठीं एक हलकें, रुंद शीड असतें. दोन सुकाणूं एका दांड्यानें जोडलेलीं असतात. नांगराचा दोर एका नाळेस न बांधतां दोन्ही नाळांपासून फांटा काढून बांधतात, म्हणजे नौका वाऱ्यासमोर स्थिर राहते. पुढील मोकळ्या जागेंत जाळें ताणतात, कीं वर आलेलें पाणी तत्काळ गळून जावें. सर्वांत कडक नियम वजनाचा : भार वाढला कीं मधलें तक्त लाटांवर आपटूं लागतें. आणि ही नौका एकदां उलटली तर आपण होऊन सुलटी होत नाहीं, म्हणून तळास सुटकेची खिडकी, तरंगता तराफा व प्रत्येकास प्राणरक्षक जाकीट अवश्य मानतात.

आमच्या डोंग्यास शीड कां नाहीं? पात्रांत खडक, दोहों काठीं अरण्य, आणि प्रवास आडवा व थोडका. तेथें शिडापेक्षां बांबूच उपयोगी. गोदावरीच्या मार्गानें नागपूर-वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत न्यावा अशी योजना इंग्रज सरकारनें एकोणिसाव्या शतकांत हातीं घेतली होती. पात्रांतील खडकाळ अडथळ्यांशीं झुंज चालली असतांच १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें. मोठ्या नौका आल्या नाहींत, डोंगा राहिला.

तो आतां हळूहळू जाईल. २०१६ सालीं सिरोंच्यापाशीं गोदावरीवर पूल खुला झाला, आणि आजारी माणसास रात्रीं पार नेण्याची विवंचना ज्यानें भोगली आहे तो पुलाचें स्वागतच करील. परंतु सर्वच घाटांवर पूल झालेले नाहींत. जानेवारी २०२४ मध्यें चामोर्शी तालुक्यांतील गणपूरजवळ मिरची तोडावयास निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव वैनगंगेंत उलटली व त्यांतील कित्येकींनीं प्राण गमाविले. दिवसाच्या मजुरीसाठीं त्या माउल्या नदी ओलांडीत होत्या. हौसेनें सागरपर्यटनास निघणारा जाकिटावांचून बंदर सोडीत नाहीं, आणि पोटासाठीं निघणारीस तें मिळूं नये, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

म्हणून आमचें मागणें दोन गोष्टींचें आहे. जोंवर पूल नाहीं तोंवर प्रत्येक घाटावर जाकिटें असावींत, नावेच्या अंगावर भाराची रेघ ठळक रंगवावी, आणि गर्दीच्या दिवसांत एकट्या डोंग्याऐवजीं जोडीच घालावी. दुसरें, डोंगा कोरणारे व बांधणारे जे वृद्ध हात अद्याप आहेत, त्यांची विद्या तरुणांनीं लिहून ठेवावी. बुंधा कसा निवडावा, वांसे किती अंतरावर टाकावे, गांठ कशी मारावी, हें सर्व त्यांच्या बोटांत आहे, पुस्तकांत नाहीं. दोन हजार वर्षांचा शब्द आपण तोंडीं वागवितों. त्यामागची गांठही हातीं राहावी.