माळवदाखालचा संसार

सह्याद्रीच्या पश्चिमेस, जेथे वर्षाकाळी तीनशे सेंटिमीटरांच्या आसपास पर्जन्य कोसळतो, तेथील घराने जांभ्या दगडाच्या भिंतींवर उतरते छप्पर घालून पाणी अंगावर न ठरू देण्याचा मार्ग पत्करला. परंतु घाटमाथा ओलांडून सोलापूर, धाराशिव, लातूर या मुलुखात यावे, तो पन्नास ते ऐंशी सेंटिमीटरांत आटोपणारा पाऊस आणि वैशाखात चाळीस अंशांपलीकडे जाणारे ऊन यांच्यामध्ये राहणाऱ्या गृहस्थास पाण्याहून उन्हाचीच धास्ती अधिक, आणि म्हणून त्याने आपल्या माथ्यावर मातीचेच सपाट छत धरले. त्यालाच या भागात माळवद म्हणतात.

जुन्या दप्तरांत गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग केलेले आढळतात. काळी ही पिकाची. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळणारी ही जमीन जोंधळ्याला कितीही मानवली तरी तिच्यावर भिंतीचा पाया स्थिर राहत नाही. म्हणून वस्तीसाठी पांढरी राखली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, पडझडीने व राबत्याने मुरलेली तिची माती घट्ट बसणारी असल्यामुळे तीच बांधकामाचे साहित्यही झाली. देशमुख-पाटलांच्या गढ्यांचे बुरूजही बहुधा याच मातीचे.

घराचे माप खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांवर, ठरे. सुताराने खांब उभे करून त्यांवर तुळया टाकाव्यात, तुळयांवर आडवी लाकडे दाटीने बसवावीत, त्यांवर पाला पसरावा आणि अखेरीस पांढरीचा जाड थर चोपून त्याला पन्हळीकडे किंचित उतार द्यावा, असा हा क्रम. भोवती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती. त्यांना बाहेरच्या अंगाने खिडकी जवळजवळ नाहीच, कारण गावकूस आणि वेस यांच्या आधाराने जगणाऱ्या, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या सोसलेल्या या मुलुखात रस्त्याकडे पाठ फिरवून चौकाकडे तोंड करणारे घरच निर्धास्त झोपू शके. माळवदाला ठेवलेल्या साण्यातून उजेड आत येई व धूर बाहेर जाई. दिवसभराचे ऊन जाड माती सावकाश पिऊन घेई, त्यामुळे दुपारी सोप्यात गारवा राही. आणि रात्री हेच माळवद घरातल्या माणसांची शेज होई, तर सुगीनंतर धान्य, कुरडया आणि मिरच्या वाळविण्याचे अंगण.

मात्र हे छत दरवर्षी सेवा मागे. मृगापूर्वी त्यावर नवी माती टाकून चोपणे हे प्रत्येक घराचे ठरलेले काम होते, आणि जुनी माती काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसल्यामुळे थरावर थर चढत जाऊन नातवाच्या माथ्यावर आजोबाच्या काळापेक्षा कितीतरी अधिक भार येई.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाने थकून गाव झोपलेले असताना, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात धरणी हादरली आणि मातीतल्या दगडांच्या भिंती त्या भारासह कोसळल्या. हजारो माणसे आपल्याच छताखाली गाडली गेली. जेथे लाकडी सांगाडा भक्कम व भिंतीपासून स्वतंत्र होता, तेथे भिंती ढासळूनही काही छते उभी राहिली, ही गोष्ट सुताराच्या जुन्या कसबाची साक्ष होय. पुढे 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. सरळ आखलेल्या रस्त्यांवर सिमेंटची घरे उभी राहिली, जी भूकंपाला तोंड देण्यास समर्थ होती, परंतु बैलबारदाना, कडबा आणि उन्हाळ्याची दुपार यांचा विचार त्यांत पुरेसा झाला नाही, असे तेथील रहिवासी बोलून दाखवीत.

माळवद बांधणाऱ्यांस अडाणी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल, कारण तत्कालीन शास्त्रीय नकाशानेही हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यातच घातला होता. वास्तू भोवतालाला उत्तर देते हे खरे. पण जे संकट दरसाल दाराशी येते त्याचेच उत्तर परंपरा शिकविते, आणि जे अनेक शतकांत एकदा येते ते तिच्या स्मरणाबाहेर राहते. म्हणून नव्या स्थापत्याने जुन्या घराचा गारवा घ्यावा, खणांचा सांगाडा घ्यावा, पण माथ्यावरचा भार मात्र मोजून घ्यावा.