कालव्याकाठचा रस्ता कसा जोखावा?

तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेले एक पत्र रस्त्यांच्या अभ्यासकाने जरूर वाचावे. छत्रांमध्ये, म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळांमध्ये, वाटसरूला जातपात न पाहता जेवण मिळते, आजाऱ्याला औषध मिळते, विषारी दंशावर उपाय जाणणारे वैद्य असतात, असे राजे त्यात सांगतात. वाटेत माणसाला काय होऊ शकते याचा आगाऊ विचार झालेला होता. आपल्या विषयाचा आरंभ तिथून करायला हरकत नाही. मोजमापे नंतर आली.

त्यांपैकी सर्वांत रुळलेली पद्धत अपघात मोजण्याची. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’. तिरुची–तंजावर महामार्गाला ही फूटपट्टी चालते. ओरत्तनाडूच्या बाजूला एखाद्या खेड्याच्या रस्त्याला लावली, तर बहुधा हाती शून्य येते. तिथे वाहने थोडी, अपघात विखुरलेले, आणि हाड मोडले तरी जो तो पोलिसांत जातोच असे नाही. त्या शून्याला सुरक्षितता समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक. दुसरी चूक सत्काराची. एका वळणावर वर्षात तीन अपघात होतात, गतिरोधक बसतो, पुढच्या वर्षी एकच होतो आणि हारतुरे होतात. पण तीन हाच अपवाद असेल, तर काही न करताही आकडा उतरला असता! एम्पिरिकल बेज पद्धत म्हणूनच त्या वळणाचा आकडा तशाच इतर वळणांच्या सरासरीशी तोलून घेते.

दुसरा मार्ग रस्ताच तपासण्याचा. आयरॅप या आंतरराष्ट्रीय रस्ते-मूल्यांकन कार्यक्रमाच्या स्टार रेटिंगमध्ये रस्त्याच्या चित्रीकरणावरून दर १०० मीटरची नोंद होते आणि मोटारीतले प्रवासी, दुचाकीस्वार, पादचारी, सायकलस्वार यांच्यासाठी वेगवेगळे तारे मिळतात. कालव्याच्या बांधावरचा पावणेचार मीटर रुंदीचा डांबरी रस्ता घ्या. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोलगट भातखाचर, साइडपट्टी खचलेली. समोरून बस आली की दुचाकी डांबराखाली उतरलीच. एवढे तारे टिपतात. पण सुगीत अर्ध्या रस्त्यावर भात वाळत पडते, कडेला दगड मांडतात, आणि भात उचलल्यावर एखादा दगड तिथेच राहतो. चित्रीकरण पेरणीच्या दिवसांत झाले असेल, तर तो दगड हिशेबात येतच नाही. तिसरा मार्ग सुरक्षा ऑडिटचा, म्हणजे जाणकारांनी प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन केलेल्या तपासणीचा. त्यात रात्रीची फेरी असते, तेव्हा तो सापडण्याची निदान शक्यता तरी असते. मात्र दोन ऑडिटरांचे अहवाल जुळतीलच याची खात्री नाही.

आमचा कल उघड सांगतो: खेड्यातल्या रस्त्यांना आधी ऑडिट, पैसा आधी कुठे घालायचा हे ठरवायला तारे, आणि अपघातांची नोंद पडताळ्यापुरती. हे न पटणाऱ्यांना पुढच्या प्रकरणांत भरपूर दारूगोळा मिळेल. विद्यार्थ्यांना विनंती एकच. पुस्तक उघडण्याआधी आपल्या गावचा एक किलोमीटर रस्ता रात्री पायी चालून पाहा, आणि १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारा, त्याला वारंवार कुठे थांबावे लागते.