वृक्षवलयांची साक्ष

इ.स. १६०७ च्या मे महिन्यात शंभरावर इंग्रज व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी वस्तीस उतरले. स्पेनच्या अक्षांशावरील ही भूमी स्पेनसारखीच उबदार असेल, ही त्यांची अटकळ पहिल्याच हिवाळ्याने खोटी पाडली. उन्हाळ्यात नदीला समुद्राचे खारे पाणी चढे. तेच पिऊन माणसे ज्वराने व हगवणीने दगावली. मका पिकविणाऱ्या पोवहाटन लोकांकडे धान्य मागावे, तर त्यांच्याच कणग्या रित्या. याचनेची जबरदस्ती झाली, जबरदस्तीतून युद्ध पेटले. १६०९-१० च्या हिवाळ्यात वेढलेल्या कोटात घोडे, कुत्री, उंदीर, अखेरीस प्रेतेही खाल्ली गेली; जेमतेम साठ जण उरले.

या अनर्थाचे खापर इतिहासकारांनी दीर्घकाळ वसाहतकारांच्या आळसावर फोडले. १९९८ साली मात्र त्याच प्रदेशातील जुनाट सायप्रस वृक्षांच्या वलयांनी निराळी साक्ष दिली : १६०६ ते १६१२ ही सात वर्षे ७७० वर्षांतील सर्वाधिक कोरडी होती. एवढ्याने माणसाचा दोष पुसला जात नाही. परंतु अवर्षणात दोन भुकेल्या समाजांची गाठ पडली होती, हे ध्यानी घेतल्यावाचून तो दोष न्यायाने तोलताही येत नाही.