स्टेफानचे पंचक: पुराव्यांच्या क्रमाने

१८७७ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘मंथली नोटिसेस’मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय वेधशाळेची एक यादी छापली गेली. यादी करणारे एदुआर स्टेफान. त्यांच्या हाताशी फूकोने घडवलेली, चांदीचा मुलामा दिलेल्या ८० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण होती. नव्या तेजोमेघांच्या या यादीत महाश्व तारकासमूहातले, एकमेकांना खेटून दिसणारे काही फिकट ठिपके होते. ते आकाशात कुठे आहेत आणि कसे दिसतात, एवढेच या कागदावरून कळते. असे ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका असू शकतात, हे ठरायला पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. म्हणून स्टेफानना ‘दीर्घिकांचा गट’ सापडला असे म्हणणे म्हणजे नंतरचे ज्ञान त्यांच्या पदरात टाकणे होय. १८८८च्या ड्रायरच्या सूचीत या ठिपक्यांना ७३१७ ते ७३२० असे चारच क्रमांक आहेत. ७३१८ हा क्रमांक पुढे अ आणि ब अशा दोन दीर्घिकांना वाटून द्यावा लागला.

दुसरा मोठा दस्तऐवज १९६१चा. मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज यांनी घेतलेल्या वर्णपटांत ७३२०चा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर निघाला, तर बाकीच्यांचे सहा हजारांच्या आसपास. एरवी जास्त वेग म्हणजे जास्त अंतर, पण खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांना हा फरक अंतराचा वाटला नाही. जवळ दिसणाऱ्या या दीर्घिका खरोखरच जवळ आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आर्प यांची छायाचित्रे अस्सल पुरावा आहेत, पण छायाचित्र खोलीची साक्ष देत नाही. पॉल हिक्सन यांनी १९८२ साली छायाचित्रांवरून निवडलेल्या १०० दाट गटांत हे पंचक ९२ व्या क्रमांकावर आले. वर्णपट तपासल्यावर त्या शंभरांपैकी ९२ गटांतच वेग जुळणाऱ्या किमान तीन दीर्घिका उरल्या. आज ७३२० सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आणि बाकीच्या सुमारे २९ कोटींवर मानल्या जातात. जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२२च्या चित्रात ७३२०मधले सुटे तारे दिसतात, तेव्हा हा वाद माझ्या मते मिटलेला आहे.

खरी कथा मात्र दीर्घिकांच्या मधल्या, रिकाम्या वाटणाऱ्या जागेत आहे. १९७२ साली ऍलन आणि हार्टसाइकर यांनी नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्कच्या रेडिओ दुर्बिणीने पाहिले, तर ७३१८ब आणि ७३१९ यांच्या मधोमध रेडिओ लहरींचा एक पट्टा उमटला. तिथे दीर्घिका नव्हती. मग ती ऊर्जा कोणाची? १९९७ साली मोलेस, सुलेंटिक आणि मार्केझ यांनी घटनांचा क्रम मांडला. ७३२०क ही आता दूर गेलेली दीर्घिका काही शे दशलक्ष वर्षांपूर्वी गटातून गेली आणि तिने ७३१९चा वायू ओरबाडून बाहेर पसरवला. त्या पसरलेल्या वायूवर आता ७३१८ब सेकंदाला हजारभर किलोमीटरच्या वेगाने येऊन आदळते आहे. रेडिओ पट्टा हा त्या धडकेचा आघाततरंग.

अशा धडकेत वायू दाबला जातो, म्हणजे तिथे तारे मुबलक जन्मावेत अशी आपली अपेक्षा. २००६ साली फिलिप ॲपलटन आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर दुर्बिणीने त्या पट्ट्याचा अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केला. त्यात रेणुरूप हायड्रोजनच्या रेषा अतिशय प्रखर होत्या, इतक्या की त्या मार्गाने बाहेर पडणारी ऊर्जा तिथल्या क्ष-किरणांपेक्षा जास्त भरली. आणि त्या रेषा सेकंदाला सुमारे ८७० किलोमीटर रुंद होत्या, म्हणजे वायूचे वेग तेवढ्या पल्ल्यात विखुरलेले होते. मला हा या साऱ्या कागदपत्रांतला सर्वांत बोलका कागद वाटतो. ताऱ्यांचा कच्चा माल तिथे भरपूर आहे, पण धडकेची ऊर्जा त्याला घुसळत ठेवते, आणि खळबळत्या वायूला स्वतःच्या गुरुत्वाने आकसायला उसंत मिळत नाही. पट्ट्यात ताऱ्यांचा जन्म मंद आहे तो यामुळे. त्याच पट्ट्याच्या उत्तर टोकाला वेगळे घडते. १९९९ साली शू, सुलेंटिक आणि टफ्स यांनी युरोपच्या आयएसओ उपग्रहाच्या निरीक्षणांवरून तिथे, कुठल्याही दीर्घिकेच्या तबकडीबाहेर, ताऱ्यांच्या जन्माचा जोरकस उद्रेक नोंदवला. टक्कर झाली की तारे जन्मतात हे सरसकट विधान या एका गटातच दोन प्रकारे तपासले जाते.

७३१७ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका या घडामोडींत बराच काळ अलिप्त समजली गेली होती. २०१८ साली पिएर-आलँ द्यूक आणि सहकाऱ्यांच्या खोल छायाचित्रांत तिच्यापर्यंत पोचणारा, म्हाताऱ्या ताऱ्यांचा फिकट लालसर प्रकाश दिसला. २०२२ साली चीनच्या फास्ट दुर्बिणीने गटाभोवती सुमारे २० लाख प्रकाशवर्षे पसरलेला विरळ हायड्रोजन नोंदवला. तो १ अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीच्या झटापटींचा अवशेष असावा, असे संशोधकांनी सुचवले. १९९७च्या मांडणीतला ७३२०कचा प्रवेश म्हणजे या गटातली पहिली घटना, असे मग धरता येत नाही. ७३१७लाही त्या आधीच्या कालक्रमात जागा द्यावी लागते.