क्रोशा, खांब आणि त्रिकोणी शाल : एका गृहकलेची शब्दसाक्ष

कलांचा इतिहास लिहिताना सामान्यतः तीन साधनांचा आधार घेतला जातो : टिकून राहिलेल्या वस्तू, दप्तरांतील नोंदी आणि कारागिरांच्या परंपरा. क्रोशाच्या विणकामाच्या बाबतीत ही तिन्ही साधने दुबळी पडतात. वस्तू वापरून विरून जातात. घरातल्या घरात झालेल्या कामाची नोंद दप्तरात सहसा होत नाही. आणि ते करणारी स्त्री कारागीर म्हणून गणली जात नाही. अशा वेळी भाषा हेच एक दप्तर शिल्लक राहते. क्रोशाने विणलेली हलकी त्रिकोणी शाल, जिला आज सर्रास ‘स्कार्फ’ म्हटले जाते, ही साधी वस्तू मध्यवर्ती धरली तरी तिच्याभोवतीचे मराठी शब्द सामाजिक इतिहासाची बरीच माहिती देतात.

या विचारासाठी सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा परिसर सोयीचा आहे. कोरेगाव तालुक्यातील या गावी आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याच्या नावाशी निगडित मशीद व मकबरा आहे, आणि गावाचे नाव स्वतःच मिश्र घडणीचे आहे. ‘रहमत’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आला, मराठी उच्चारात ‘रहिमत’ झाला, आणि त्याला ‘पूर’ हे संस्कृत उत्तरपद लागले. परका शब्द घेऊन त्याला देशी अंग देण्याची ही रीत पुढे विणकामाच्या परिभाषेतही आढळते.

या भागात अंगावर पांघरण्याचा त्रिकोणी आकार अपरिचित नव्हता. मात्र तो विणलेला नसे, घडीने साधलेला असे. पूर्वेकडील माण तालुक्यात धनगरांच्या लोकरीपासून सणगर जी घोंगडी विणतात ती चौकोनी असते. पावसात तिचीच ‘खोळ’ करून डोके व पाठ झाकली जाते. तान्ह्या मुलाची ‘कुंची’ चौकोनी कापडाला डोक्यामागे घडी व शिवण घालून होते. स्त्रियांच्या बाबतीत डोके व खांदे झाकण्याचे काम पदरच करतो. तिन्ही ठिकाणी मूळ कापड चौकोनीच राहते. म्हणून तिकोनी कापडाला स्वतंत्र नाम देण्याची गरज मराठीला भासली नसावी. ‘शाल’ आणि ‘रुमाल’ हे शब्द फारसीतून आले, पण त्यांतून सूचित होणारी वस्त्रेही चौकोनीच. ‘स्कार्फ’ हा इंग्रजी शब्द मराठीत रुळला तो या रिकाम्या जागेत.

क्रोशाची कला युरोपातही फार जुनी नाही. तिचे छापील नमुने प्रथम १८२३ मध्ये ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात आले, असे सामान्यतः मानले जाते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये क्रोशाची लेस हे गरीब कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले. भारतात ही कला मुख्यतः मिशनऱ्यांच्या द्वारे आणि मुलींच्या शाळांतून पसरली. महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाच्या वादात सुईकामाला मोठे स्थान होते. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल, म्हणजेच हुजूरपागा, सुरू झाले. मुलींना इंग्रजी व गणित किती शिकवावे आणि शिवणटिपण किती, हा प्रश्न त्यानंतर वृत्तपत्रांतून जोराने लढवला गेला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने मात्र हस्तव्यवसायाकडे स्त्रीच्या अर्थार्जनाचे साधन म्हणून पाहिले. एकच सुई एका पक्षाला मर्यादेचे चिन्ह वाटली, तर दुसऱ्याला स्वावलंबनाचे. पुणे व मिरज यांना जोडणाऱ्या ज्या लोहमार्गावर रहिमतपूरचे स्थानक आहे, त्याच मार्गावरील किर्लोस्करवाडीहून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघू लागले. विणकामाचे नमुने शाळेबाहेरच्या वाचक स्त्रियांपर्यंत नेण्याचे काम पुढे स्त्रियांच्या मासिकांनी केले.

साधनाचे नाव परके राहिले. फ्रेंच ‘क्रोशे’ म्हणजे लहान आकडा. इंग्रजीमार्गे तो शब्द मराठीत आला. मराठीत ‘क्रोशे’ व ‘क्रोशा’ अशी दोन्ही रूपे आढळतात. ‘घोडे’वरून ‘घोडा’ तसे ‘क्रोशे’ हे अनेकवचन समजून ‘क्रोशा’ हे एकवचन साधले गेले असावे, हे स्पष्टीकरण संभवनीय वाटते. सामान्यरूपातही दुहेरीपणा आहे. ‘क्रोशाचे’ म्हणणारा शब्दाला ‘राजा’च्या रांगेत बसवतो, ‘क्रोश्याचे’ म्हणणारा ‘घोडा’च्या रांगेत. दुसऱ्या रूपात शब्द मराठी व्याकरणाला अधिक पूर्णपणे शरण गेला आहे. याआधी शिवणकामात ‘फीत’ आणि ‘काज’ हे पोर्तुगीज शब्द असेच मुरले; ‘काज’ म्हणजे मुळात ‘कासा’, घर, हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही.

टाक्यांची नावे मात्र सर्वस्वी देशी आहेत. सुईवर एकातून एक ओढलेल्या फासांची ती ‘साखळी’. सुईला वेढा घेऊन उभा केलेला उंच टाका तो ‘खांब’. वेढा न घेता घातलेला आखूड टाका तो ‘मुका खांब’. बाहेर वळ न दिसणारा मार तो जसा ‘मुका मार’, तसा उंची न दाखवणारा हा खांब ‘मुका’. इंग्रजी परिभाषेत टाके एकेरी, दुहेरी, तिहेरी असे मोजले जातात. शिवाय ब्रिटिश व अमेरिकी गणना परस्परांशी जुळत नाही. मराठी परिभाषेत घराच्या बांधणीची प्रतिमा आहे. खांब उभे करावयाचे, साखळीने त्यांतील अंतर राखावयाचे, आणि त्यातून जाळी उभी राहावयाची.

याच शब्दांत त्रिकोणी शालीची रचना सांगता येते. तिच्या एका प्रचलित पद्धतीत आरंभ वरच्या कडेच्या मध्यबिंदूपासून होतो. प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना व मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना खांब वाढवले जातात. त्यामुळे दोन लहान त्रिकोण मध्यरेषेवर जोडल्यासारखे वाढत जातात. बारीक सूत, त्या मानाने जाड सुई आणि खांबांमध्ये एकदोन साखळ्या यांमुळे वस्त्र हलके होते. ओळी समान प्रमाणात वाढत असल्याने एकूण सूत ओळींच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. म्हणून १०० ओळींच्या शालीत निम्मे सूत सुमारे ७१ व्या ओळीपर्यंत पुरते आणि उरलेल्या २९ ओळी दुसरा अर्धा भाग घेतात. मागावरच्या कापडाची रुंदी ताणा लावतानाच ठरते. ही शाल सूत संपेल तेथे थांबवता येते आणि तरीही पूर्ण असते. शिवाय क्रोशात एका वेळी बहुधा एकच फास सुईवर मोकळा असतो. काम कोठेही सोडून पुन्हा हाती घेता येते. थोडे सूत आणि तुकड्यातुकड्यांनी मिळणारा वेळ या दोन अडचणींना जुळणारा असा हा आकार आहे.

सर्वांत महत्त्वाची साक्ष क्रियापदाची व कर्तृवाचक नामाची आहे. कापड, जाळे, बाज, स्वेटर या सर्वांसाठी मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद चालते. क्रोशालाही तेच लागू झाले. साळी, कोष्टी, सणगर या जातींच्या व्यवसायाचे हे क्रियापद, त्या जातींबाहेरच्या घरांतही, मागावाचून आणि ताण्यावाचून, स्त्रियांच्या हाती आले. परंतु क्रियापदाबरोबर ‘विणकर’ हे नाम आले नाही. मागावर बसणारा तो विणकर. क्रोशाची सुई चालवणारीला ‘विणकाम येते’ एवढेच म्हटले जाते. पहिल्यात व्यवसाय आहे, दुसऱ्यात केवळ अंगचा गुण.

हा भेद केवळ मराठीपुरता नाही. आंध्रातील नरसापूर येथे हजारो स्त्रिया निर्यातीसाठी क्रोशाची लेस विणत आल्या. मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, या स्त्रियांचे श्रम ‘गृहिणीचा फावला वेळ’ म्हणून गणले गेल्यामुळेच त्यांची मजुरी अत्यल्प राहिली आणि व्यापाराचा लाभ इतरत्र गेला. तेथे व्यापार होता म्हणून ही गोष्ट हिशेबात दिसू शकली. मराठी घरांतून बाळंतविड्यातली टोपडी, दारावरची तोरणे आणि ताटावरचे रुमाल बहुधा भेटीदाखल गेले. त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

तात्पर्य, मराठीने साधन उसने घेतले, टाक्यांना घरची नावे दिली, वस्तूला पुन्हा उसने नाव स्वीकारले, पण करणारीला नाव दिले नाही. गृहकलांच्या शब्दसंग्रहाचे संकलन करताना केवळ वस्तूंची व क्रियांची यादी करून भागणार नाही. कर्त्याची जागा कोठे रिकामी आहे, हेही नोंदवावे लागेल. रहिमतपूरसारख्या गावांतून टाक्यांची ही नावे ज्यांच्या बोलण्यात आहेत, त्यांच्याकडूनच ती टिपून घेण्याचे काम भाषाभ्यासकांनी हाती घेणे अगत्याचे आहे.