वाकलेले पाय आणि मूत्रपिंड

मूल वाढेना, पाय वाकले, की आपण बायका म्हणतो, मुडदूस झाला, ऊन द्या. पण कधी खोट मूत्रपिंडात असते. आम्ल लघवीवाटे जात नाही, रक्तात साठतं, हाडं झिजतात. १९३५ साली इंग्लंडच्या डॉ. लाइटवुड यांनी मूत्रपिंडात चुना साठलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. १९४६ मध्ये अमेरिकेच्या डॉ. ऑलब्राइट यांनी मूत्रपिंडातलं आम्ल आणि मऊ हाडं यांचा संबंध मांडला. औषध काय, तर सोडा किंवा सायट्रेट! (म्हणून घरातला खायचा सोडा पाजायचा नाही हं, मात्रा रक्त तपासूनच ठरते.) आपल्याला शेलूहून लोकलने परळ गाठता येतं, तिथलं वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच आहे. उन्हाने, औषधाने पाय सुधारत नसतील, तर डॉक्टरांना विचारू, रक्तातलं आम्ल तपासलं का?