एका भेगेची चाळीस वर्षं

आजच्या भागात लढाई नाही, राजा नाही. आज गोष्ट आहे एका भेगेची.

साल १९५९. प्रयोगशाळेत आंरी कोरियू या फ्रेंच शास्त्रज्ञानं इन्कोनेल ६०० या मिश्रधातूचे नमुने ताण देऊन ३५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले. निकेलचा हा मिश्रधातू तेव्हा फार भरवशाचा. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला तडे जायचे, म्हणून अणुभट्ट्यांसाठी याची निवड होत होती. पण कोरियूंच्या नमुन्यांनाही तडे गेले. ना मीठ, ना आम्ल, नुसत्या शुद्ध पाण्यात!

अमेरिकेतल्या तज्ज्ञांना ते पटेना. वाद वर्षानुवर्षं चालला, आणि तोवर हाच धातू भट्ट्यांमध्ये बसत गेला.

असे तडे जायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: धातूचा कमकुवतपणा, त्याला ओढणारा ताण आणि त्याच्याभोवतीचं पाणी. मी यात चौथी धरतो, वेळ. प्रयोग काही महिन्यांत संपतो, भट्टी चाळीस वर्षं चालते. ‘अजून तडा गेला नाही’ म्हणजे ‘जाणार नाही’ असं नव्हे.

१९७०च्या दशकापासून वाफ बनवणाऱ्या यंत्रांतल्या नळ्या तडकू लागल्या. १९९१मध्ये फ्रान्समधल्या ब्युजे इथं दाब-चाचणीत भट्टीच्या झाकणातली नळी गळली.

तरी सगळ्यात मोठा धक्का २००२मध्ये बसला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. डेव्हिस-बेसी भट्टीच्या झाकणातल्या नळीला भेग पडली होती. तिथून झिरपणाऱ्या पाण्यात बोरिक ॲसिड होतं. त्यानं १५ सेंटिमीटरहून जाड पोलाद आरपार खाल्लं. उरला तो आतला स्टेनलेस स्टीलचा जेमतेम एक सेंटिमीटरचा थर. आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट! तो थर फुगला, पण टिकला. दुर्घटना थोडक्यात टळली.

आता उपायही त्या तीन गोष्टींवरच बेतलेत. इन्कोनेल ६००च्या जागी जवळपास दुप्पट क्रोमियम असलेला ६९० वापरतात. पृष्ठभागावर बारीक मारा करून ओढणारा ताण घालवतात. पाण्याचं रसायन काटेकोर सांभाळतात.

आणि वेळेवर उपाय? एकच. पुन्हा पुन्हा तपासत राहणं.

भेटू पुढच्या भागात!